न मोजलेले हरभरे

रोज सकाळी बालवाडीचे दार उघडले की यामना एप्रनच्या उजव्या खिशात हात घालून उंबऱ्यापाशी उभी राही. एक मूल आत आले की उजव्या खिशातला एक हरभरा डाव्या खिशात जाई. दुपारी मूल आईच्या हातात दिले की तोच दाणा परत उजवीकडे. डावा खिसा रिकामा लागला की ती कडी घाली. नवे मूल दाखल झाले की घरून एक दाणा जास्त आणायचा, शाळेत गेलेल्याचा काढून कोंबड्यांना टाकायचा. दाणे किती, हे तिने कधी पाहिले नव्हते. एकोणीस वर्षांत तिने मुले तोंडाने मोजली नव्हती, आणि तिच्या हातून एकही हरवले नव्हते.

सफ्रू गावाच्या वरच्या अंगाला तिचे माहेर. तिथे पोरांचा आकडा कुणी उच्चारत नसे. विचारलेच कुणी, तर ‘अल्लाने दिलीत थोडी’ म्हणायचे. यामना सात वर्षांची असताना शिरगणतीचा माणूस दारात आला. त्याला ‘थोडी’ चालेना, कागदावर आकडा हवा होता. आईने शेवटी पदराआड बोटे धरून ‘पाच’ म्हटले. ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत डांग्या खोकला आला आणि धाकटा गेला. आईने त्या माणसाला कधी बोल लावला नाही. स्वतःला मात्र लावत राहिली.

बालवाडी गावातल्या संघटनेची. यामनाचा पगार म्हणजे आईबाप देतील ते. ऑलिव्हच्या हंगामात बरा, उन्हाळ्यात नुसताच दुवा. मग मागल्या वर्षी बातमी आली, की मुले सांभाळणाऱ्या बायकांना सरकार शिक्षण देणार आणि पास होईल तिला महिन्याच्या महिन्याला पगारही सरकारच देणार. बायका खूश झाल्या. बातमीचा उरलेला भाग नंतर कळला. पास होणार नाही तिच्या जागी दुसरी येणार. यामनाला त्रेपन्नावे लागले होते. गुडघे असे, की ऑलिव्ह वेचायलाही कुणी बोलावणार नाही.

सहा महिने ती आठवड्यातून तीन दुपारी शिकायला गेली. घशात काही अडकले तर मुलाला हातावर पालथे कसे घ्यायचे, हट्ट करणाऱ्याशी खाली बसून का बोलायचे. हातांना जे आधीच माहीत होते त्याला तिथे नावे मिळाली. एकच नियम घशाखाली उतरेना. मुले बाहेर नेताना आणि आत आणताना मोठ्याने मोजायची आणि आकडा तक्त्यावर लिहायचा. सरावाला बाहुल्या होत्या. त्या तिने गाणे म्हणावे तशा मोजल्या.

“लल्ला यामना, बाहुल्यांना नजर लागत नाही वाटतं?” गिझलान म्हणाली. ती बालवाडीतली दुसरी बाई, चोवीस वर्षांची, जिभेने तिखट, पण थोरल्या बाईला मानाने ‘लल्ला’ म्हणायला न चुकणारी.

“बाहुल्यांच्या आया रडत नाहीत,” यामना म्हणाली.

शेवटची परीक्षा बालवाडीतच होती. सरकारकडून इब्तिसाम नावाची तरुण बाई येऊन दिवसभर पाहणार होती. ती अर्धा तास आधीच येऊन बसली आणि सगळ्यांची धांदल उडाली. हजेरीचा कागद कोराच राहिला. यामनाच्या अंगात शिक्षणाबरोबर मिळालेला नवा निळा एप्रन होता. त्याला खिसे नव्हते.

“बरंच झालं,” गिझलान कुजबुजली. “आज ते हरभरे नकोतच. तोंड उघडा आणि मोजा. एवढंच तर आहे.”

जुना एप्रन खुंटीवर होता. यामनाचे हात सकाळभर कमरेशी जाऊन मोकळे परत येत होते.

दहा वाजता मुलांना पाण्याच्या पाटापलीकडच्या तुतीखाली न्यायचे होते. मुले रांगेत उभी राहिली. इब्तिसाम पेन घेऊन दाराशी उभी राहिली. यामनाला खळ्यातले बाबा आठवले. बाबा जवाच्या राशीवरून माप भरताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘अल्ला एक’ म्हणत. तिने दाराच्या चौकटीवर हात ठेवला, ओठांतल्या ओठांत “अल्ला एक” म्हटले, आणि पहिल्या मुलाच्या डोक्याला हात लावून मोठ्याने म्हणाली, “दोन.” मग तीन. मग चार. शेवटची मुलगी बाहेर पडली तेव्हा यामनाच्या काखेत घाम आला होता. तिने तक्त्यावर लिहिले : अठरा. पटावर अठराच नावे होती.

परत येताना गिझलानने मोजले. सतरा. तिने पुन्हा मोजले. सतराच.

“कोण नाही?” इब्तिसामने विचारले.

गिझलानने पट वाचला. एकेक आवाज आला. “इलियास?” याला आवाज आला नाही.

इलियास चार वर्षांचा, बोलायला कमी, पाण्याचा नादी. सकाळी आला होता का? रोज तर येतो. गिझलानला आठवेना. यामनाचा हात खिशाकडे गेला आणि सपाट कापडावर थांबला. आज तिच्या हातांनाही काही माहीत नव्हते.

“त्याच्या आईला फोन लावा,” इब्तिसाम म्हणाली आणि मुलांपाशी थांबली. गिझलान फोन कानाला लावून दारात उभी राहिली. घंटा वाजत होती, कुणी उचलत नव्हते. यामना पाटाकडे गेली. पळाली म्हणावे तर गुडघे पळू देत नव्हते. पाणी घोट्याएवढेच होते, पण चार वर्षांच्या मुलाला तेवढे पुरते. तिने काठाकाठाने फरशीच्या मोरीपर्यंत पाहिले. वाकून मोरीत हाक मारली. तिचाच आवाज परत आला. मीच मोजले, तिला वाटले. माझ्याच तोंडाने.

“लल्ला!” गिझलान वरून ओरडत होती. “घरी आहे तो! घरीच आहे! ताप आलाय रात्रीपासून. आलाच नव्हता आज.”

यामना मोरीपाशीच खाली बसली. झगा भिजला तरी उठली नाही.

ती आत आली तेव्हा इब्तिसाम तक्ता घेऊन बसली होती. “सतराच गेली होती. मग अठरा कुठून आले?”

यामनाला खोटे सुचले असते, पण तेवढा जीव उरला नव्हता. “पहिला आकडा मुलाला नाही दिला मी. चौकटीला दिला.” मग खळ्यातली रीत सांगितली. “बाबांचं पहिलं माप निदान पोत्यात तरी पडायचं. मी नुसताच आकडा बोलून बसले. माझंच चुकलं.”

इब्तिसामने तक्ता खाली ठेवला. मग म्हणाली, “माझी आजी अंडीसुद्धा अशीच मोजते. तिला मी हसते.” तिने पेनाचे टोपण लावले, काढले. “पण लल्ला यामना, आज खरंच एखादं पाण्यात असतं, तर या कागदावरून मला काय कळलं असतं?”

“काही नाही.”

“घरी जाताना एकदा मोजायचंच आहे. माझ्यासमोर मोजा. एकपासून, आणि एक मुलाच्या डोक्यावर. तेही नाही जमलं तर मला तसं लिहावं लागेल.”

दुपारी आया दाराशी जमल्या. सगळ्यांत पुढे छोटी तूदा होती, आईच्या टोपलीकडे पाहत. यामनाने तिच्या केसांवर हात ठेवला. बायकांतली एक थबकली, दुसरीने तोंड फिरवले.

“एक,” यामना म्हणाली.

सतरापर्यंत ती थांबली नाही. इब्तिसामने शेवटच्या रकान्यात खूण केली, सही केली. “पगाराचं पत्र महिन्याभरात येईल,” ती म्हणाली. गिझलानने यामनाला मिठी मारली. यामनाने विचारले, “इलियासला ताप किती होता म्हणाली त्याची आई?”

रात्रीत तिने निळ्या एप्रनला दोन खिसे शिवले.

सकाळी मुले येत गेली. तूदा आली, जुळे आले, बाकी सगळी आली. उजव्या खिशात एक दाणा उरला. यामना तो बोटांत फिरवत राहिली. नऊ वाजले.

“ताप आहे, लल्ला. ताप आला की पोरं घरी राहतात,” गिझलान म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“मग आत या. चहा निवतोय.”

ती आत गेली नाही. साडेनऊला चढावरून कुणी आले, तो गॅसवाला निघाला. तक्त्यावर सतरा लिहून झाले होते, स्वच्छ अक्षरात. यामनाला आईची पदराआडची बोटे दिसत होती.

दहाच्या सुमाराला इलियासची आई वळणावर दिसली. कडेवर इलियास होता, उतरलेल्या चेहऱ्याचा, हातात पावाचा तुकडा. “रात्रीच उतरला ताप,” ती धापा टाकत म्हणाली. “घरात थांबेचना. म्हणतो, तुतीपाशी जायचंय.”

यामनाने उलट्या हाताने त्याचे कपाळ पाहिले. गार होते. तो उंबरा ओलांडून आत आला. तिने उरलेला हरभरा डाव्या खिशात टाकला आणि त्याच्या पायांकडे पाहिले.

“मोजे उलटे घातलेस,” ती म्हणाली. “बस इथे.”