एकसंध अक्रोड

तिचा राग नाकावर असतो, असं सासरचे म्हणायचे. पण नाकावरचा राग एका शिंकेसरशी उडून जातो. तिचा तसा नव्हता. तो हळूहळू वाळायचा, आणि एकदा वाळला की कुणाच्या बापाला वाकायचा नाही.

ती लाकडाची पानं काढणाऱ्या कारखान्यात होती. आख्खा ओंडका गरम पाण्याच्या हौदात उकडायचा, मग लांबलचक पात्याखाली धरून त्याची पोस्टकार्डाहून पातळ पानं उतरवायची. फर्निचरवाले ती स्वस्त फळीवर चिकटवतात आणि कपाट सागवानी दिसायला लागतं. तिचं काम निवडीचं. उजेडाच्या टेबलावर पान पसरायचं, गाठ, चीर, डाग बघायचा आणि खडूने प्रत लिहायची. एकवीस वर्षं हेच केल्यावर माणसांची नावं ती विसरायची, पण एकदा हाताखालून गेलेलं लाकूड विसरायची नाही.

शनिवारी ती बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. भावाने कॉलेजात हौसेने आणलेला आणि महिन्याभरात कोपऱ्यात टाकलेला बेस तिने उचलला, तो सुटलाच नाही. बँडमधले तिला खर्जताई म्हणायचे. गाणाऱ्याला टाळ्या मिळतात, ड्रमवाल्याला शिट्ट्या मिळतात, बेसवाल्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. पण तो थांबला की गाण्याच्या पायाखालची फरशी निघून जाते. हे तिला फार आवडायचं.

आणि चांगला बेस म्हणजे काय, हे तिला विचारायची खोटी. चहा गार व्हायचा, पण बाई थांबायच्या नाहीत. गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडले तर त्याची मान जमिनीकडे झुकता कामा नये. मानेच्या कडेवरून तळवा फिरवला तर फ्रेटच्या, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांचं, एकही टोक बोचता कामा नये. सगळ्यात जाड तार छेडली की नुसती भुणभुण नको, स्वर ओळखू यायला हवा. प्रत्येक मानेवर एखादी जागा अशी असते की तिथे स्वर उमटतो आणि लगेच मरतो. उत्तम बेसमध्ये ती जागा शोधून सापडत नाही. दुकानात गेली की ती वायर न जोडताच वाजवायची आणि हनुवटी लाकडावर टेकवायची. कान फसतात, जबडा फसत नाही, असं तिचं म्हणणं.

तिचा स्वतःचा बेस मिस्त्रींनी बनवला होता. मिस्त्री म्हणजे सत्तरीचे वाद्यकार. त्यांच्या हातच्या बेससाठी लोक दोन-दोन वर्षं थांबायचे. आठ वर्षांपूर्वी त्यांनी तिला पाच तारांचा, अक्रोडाचा बेस करून दिला. तो पहिल्यांदा गळ्यात घातला तेव्हा तिला रडू आलं होतं. नवरा औषधाच्या दुकानात कंपाउंडर, मितभाषी माणूस. तो एवढंच म्हणाला, "आपल्या लग्नात नाही रडलीस ती."

तेव्हापासून ती मिस्त्रींचं नाव घेतल्याशिवाय वाद्यांबद्दल बोलायची नाही. तिच्या शब्दावर दोघांनी त्यांच्याकडून बेस घेतले. एक बस चालवणारा, एक दातांची डॉक्टरीण.

मग एका दुपारी ती तारा घ्यायला वाद्यांच्या दुकानात गेली. काचेच्या कपाटात मिस्त्रींचा नवा बेस उभा होता. अक्रोडाचा, कडा गडद रंगाने काळ्या केलेल्या, मधे लाकडाच्या रेषांचे तपकिरी लोट. शेजारी कार्ड होतं: 'एकसंध जाड अक्रोड. वीस वर्षं वाळवलेला. वाद्यकाराने स्वतः निवडलेला.' ती कौतुकाने वाकून बघत होती आणि वाकलेलीच राहिली. खालच्या बाजूला एक निळसर काळा डाग होता, स्वल्पविरामासारखा.

तो डाग तिच्या ओळखीचा होता. गेल्या वर्षी कारखान्यात अक्रोडाचा एक ओंडका आला होता. झाड कधीकाळी कुंपणाला लागून असावं, खोडात तारेचा तुकडा रुतून बसला होता. अक्रोडात लोखंड गेलं की त्याभोवती लाकूड निळं-काळं पडतं. त्या तुकड्याने पात्याला खाच पडली, दिवसभर काम बंद राहिलं आणि सुपरवायझरने सगळ्यांना फैलावर घेतलं. डागाची पानं तिनेच बाजूला काढून त्यांवर दुसरी प्रत लिहिली होती. त्या ओंडक्यातली एक फळीसुद्धा जाडीत विकली गेली नव्हती. सगळा पात्यावर उतरला, आणि शेवटी पात्याखाली धरता न येणारी उरलेली पाठ बॉयलरमध्ये जळली.

म्हणजे हे पान होतं. स्वस्त लाकडावर चिकटवलेलं, मागच्या वर्षीचं पान. कडा काळ्या कशासाठी केल्या, तेही तिला आता कळलं. तिथे थर दिसले असते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तारा न घेताच ती दुकानातून निघाली. कारखान्यात प्रत्येक ओंडक्याचं एक पान नमुना म्हणून कपाटात ठेवतात. दुसऱ्या दिवशी तिने तारवाल्या ओंडक्याचा नमुना काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कुणाला न विचारता घेऊन गेली. लागोपाठची पानं जुळ्या बहिणींसारखी असतात. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तिने दुकानदाराला कपाट उघडायला लावलं, बेस आडवा ठेवला आणि पान त्यावर पसरलं. लोटावर लोट बसला, डागावर डाग.

दुकानदार आधी हसला, मग म्हणाला, लाकूड लाकडासारखंच दिसणार. गिऱ्हाइकांपैकी एकजण वाकला, त्याने पान सरकवून परत जुळवून पाहिलं आणि निघून गेला. तेव्हा मात्र दुकानदाराचा आवाज चढला. बेस मिस्त्रींचा, कार्डही त्यांच्याच हातचं, तिने त्यांना जाऊन विचारावं, पण त्याच्या गिऱ्हाइकांसमोर तमाशा करू नये, असं त्याने सुनावलं.

ती विचारायला गेलीच. त्याआधी मात्र घरी येऊन तिने स्वतःच्या बेसच्या मागचं झाकण उघडलं, जिथे वायरी असतात. आत बघितलं तर अक्रोड थेट तळापर्यंत, एकच लाकूड, एकच रेघ. तिचा बेस खरा होता. तिला वाटलं होतं, बरं वाटेल. उलट राग दुप्पट झाला. खरं काम येतच नसतं तर तिने माफ केलं असतं. या माणसाला येत होतं.

मिस्त्रींची कार्यशाळा एका गॅरेजच्या मागे. ती आपला बेस पेटीत घालून घेऊन गेली; नवरा बरोबर आला आणि दारातल्या स्टुलावर बसला. मिस्त्री एका मानेवर रंधा मारत होते. तिने सांगितलेलं सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं, नाकबूल केलं नाही.

"दोन्ही वाजव," ते म्हणाले. "आवाजातला फरक सांग."

त्यांनी पान चिकटवलेला एक नवा बेस पुढे केला. तिने हनुवटी टेकवून वाजवला. मग स्वतःचा वाजवला. पुन्हा नवा. तिला खोटं बोलता येत नव्हतं.

"फारसा फरक नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर."

"झालं काय? फरक नाही तर कार्डावर 'पान' लिहा. वीस वर्षं कसली? गेल्या वर्षी हे झाड माझ्यासमोर हौदात उकडत होतं."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. त्यांनी पाच वर्षांत बरेच बेस विकले होते, आणि त्यातले निम्मे घेणाऱ्यांच्या घरी नुसते भिंतीवर टांगलेले होते. लोकांना डोळ्यांनी विकत घ्यायचं असतं, कार्ड वाचून घ्यायचं असतं, असं ते सांगत राहिले. मग जरा मऊ होऊन म्हणाले, "तू वाजवणारी आहेस, पोरी. म्हणून तर तुला खरा दिला."

यावर ती गप्प होईल असं त्यांना वाटलं असावं. ती उभी राहिली.

"म्हणजे मला खरा देऊन माझ्या तोंडून बाकीच्यांना खोटे विकले. मी तुमची जाहिरात होते आठ वर्षं."

घरी जाताना नवऱ्याने तिच्या हातातून बेसची पेटी घेतली. "चल," एवढंच म्हणाला.

कारखान्यात नमुना गायब झाल्याचा बोभाटा झालाच. सुपरवायझरने बोलावून घेतलं. आपण पान विकतो, पुढे ते काय सांगून विकलं जातं त्याच्याशी आपलं काय देणंघेणं, असं त्याचं म्हणणं. तिने त्यालाही ऐकवलं. बक्षीस म्हणून निवडीच्या टेबलावरून तिची रवानगी पॅकिंगला झाली, तीन महिने. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

ज्या दोघांना तिने मिस्त्रींकडे पाठवलं होतं, त्यांच्याकडे ती स्वतः गेली. बसवाल्याने तिच्यासमोर झाकण उघडलं. आत फिकट, हलकं लाकूड. त्याने स्क्रू एकेक करून परत बसवले. मग म्हणाला, "ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून घेतला होता." याहून मोठी शिवी तिने आयुष्यात खाल्ली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मात्र झाकण उघडूच दिलं नाही. तो दवाखान्यात भिंतीवर किती छान दिसतो, कशाला छेडायचं, म्हणाल्या. मिस्त्री म्हणत होते ते या बाबतीत खरं निघालं, आणि त्याचाही तिला राग आला.

दुकानातलं कार्ड बदललं, असं ड्रमवाल्याकडून कळलं. आता त्यावर 'अक्रोडाचा दर्शनी भाग' असं लिहिलं होतं. शब्द खरा. बेस तरीही विकला गेला म्हणे, आठवड्याभरात.

तिने स्वतःचा बेस विकला नाही. तसा दुसरा मिळणार नव्हता, आणि त्या लाकडाचा काही गुन्हा नव्हता. शनिवारी ती तोच वाजवायची, पूर्वीपेक्षा जोरात; गाणारी तक्रार करायची. कार्यक्रम संपल्यावर कुणी ना कुणी विचारायचंच, हा कुणी बनवलाय? ती पेटी बंद करता करता सांगायची, "ते आता राहिले नाहीत."

सात-आठ महिने गेले. एका संध्याकाळी मिस्त्रींचा फोन आला. त्यांचा आवाज रागाने फाटत होता. दोन ठिकाणांहून त्यांच्या बायकोला सांत्वनाचे फोन आले होते, एकाने तर शेवटचा बेस कितीला देता म्हणून विचारलं होतं. ही अफवा तिनेच उठवली, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी कुठे खोटं बोलले?" ती म्हणाली. "माझा बेस ज्यांनी बनवला, ते राहिले नाहीत. तुम्ही दुसरेच कुणी आहात."

पलीकडून फोन ठेवला गेला. नवरा जेवायला वाढून वाट बघत होता. ती बसली, दोन घास खाल्ले, आणि ताट सरकवून म्हणाली की मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं. त्याने मिठाची बरणी पुढे केली.