आल्मेरेच्या बाल्कनीतलं वाळवण

लेकीकडे, डच मुलखातल्या आल्मेरेला राहिले होते, दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, तेव्हाची गोष्ट. तिथली सकाळ आठवते ती धुक्यातच. समोरचा कालवा दिसायचा नाही, बदकांचा आवाज तेवढा यायचा.

नात नऊ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमध्ये, आणि तेही घरातच. शाळेत म्हणे तोंडच उघडायची नाही. आता तिला वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलायचं होतं. त्या धास्तीनं पोरीला जेवण जाईना. "हातात दाखवायला काही असलं तरच बोलेन," एवढं तिनं आईला सांगितलं होतं.

विषय तिनंच निवडलेला, लायब्ररीतल्या पुस्तकातला. लेकीनं मला वाचून सांगितलं. कॅनडात नव्यानं वसायला गेलेली माणसं शेतीसाठी रान तोडायची आणि ओंडके जाळायची. ती राख पिंपात भरून वरून पाणी ओतायचं, खाली झिरपलेलं तपकिरी पाणी लोखंडी कढईत आटवायचं. तळाशी उरतो तो खार, पोटॅश. साबणाला, काचेला लागायचा, म्हणून जहाजानं विलायतेला जायचा.

"अगं, राखेच्या पाण्यात आम्ही गोधड्या धुवायचो!" मी म्हटलं. नात माझ्याकडे बघतच राहिली.

शेजारच्या आजोबांकडे लाकडाची शेगडी होती, त्यांनी बादलीभर राख दिली. झाडाच्या कुंडीत फडकं घालून ती भरली, पाणी झिरपवलं आणि कढईत आटवायला ठेवलं.

"आई, साबणाचा कारखाना काढलास का माझ्या घरात?" लेक नाक धरून म्हणाली.

"तू खिडकी उघड आणि गप बस."

वाफ काचेवर बसत होती. ढवळता ढवळता मला वाटायला लागलं, आपणही त्या रानातच आहोत. लांब झग्यातल्या बायका डोळे चोळत कढया ढवळताहेत, मागे झाडं धुमसताहेत. एवढं मोठं रान, आणि तळाशी ओंजळभर खार. नात माझ्या दंडाला टेकून पेंगत होती.

खार जमला, पण जरा ओलसर वाटला. मग मी काय केलं, कुरडया घालतो तसा ताटात पसरला, वर पातळ फडकं टाकलं आणि ताट बाल्कनीतल्या उन्हात ठेवलं. संध्याकाळी बघते तर ताटात नुसता चिखल!

नात रडत डचमध्ये काहीतरी बोलली.

"म्हणतेय, उद्या शाळेतच जाणार नाही," लेकीनं सांगितलं.

मी तो चिखल पुन्हा कढईत घातला. नात पुस्तक घेऊन आली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लेकीनं वाचलं: हा खार हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून तो घट्ट पिंपांत बंद करायचे. झालं! खार खडखडीत होईपर्यंत परतला आणि निवायच्या आत घट्ट झाकणाच्या बरणीत भरला.

दुसऱ्या दिवशी नात घरी आली ती बरणी हलवतच. आत खार पाझरून पाणी झालेलं. मी बरणी घ्यायला हात पुढे केला. पण ती चपला न काढताच सुरू झाली. हातांनी झाड पाडलं, कढई ढवळली, वर्गात ठेवली तशी झाकण उघडून बरणी टेबलावर ठेवली आणि खाराचं पाणी होताना पोरं कशी वाकून वाकून बघत होती त्याची नक्कल केली. मला शब्द एक कळेना, पण तिचं थांबेचना.

लेक कामावरून आली. दारातूनच घाबऱ्या आवाजात विचारलं, "आई, बोलली का गं?"

"थांब," मी म्हटलं, "तिचं संपू दे."