आपापली वाकळ

शिवाजी पेठेत आमच्या समोरच्या घरात माणसं होती तीन आणि वाकळा होत्या एकोणतीस. हा आकडा माझा नव्हे. त्या घरच्या बायडाबाईंनी तो गल्लीच्या मधोमध उभं राहून, पार तालमीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केला होता. साल अठ्ठ्याहत्तर. पितृपंधरवडा संपत आलेला, घट बसायला चार दिवस.

त्या चार दिवसांत आमच्याकडं 'दसरा काढतात'. म्हणजे घरातलं जेवढं हलेल तेवढं हलवायचं आणि मळलेलं असो वा नसो, धुऊन काढायचं. डबे, भांडी, पाट, पडदे आणि मुख्य म्हणजे अंथरुणं. अंथरुणं हातगाडीवर लादून पंचगंगेवर न्यायची. त्या आठवड्यात पेठेतला पुरुष घरात एका जागी फार वेळ बसत नाही. चुकून त्यालाही घासून उन्हात पालथा घालतील, अशी धास्ती असते.

वाकळ ही काय चीज आहे हे ज्यानं धुतली त्यालाच ठाऊक. जुन्या लुगड्यांचे पदरावर पदर घालून शिवलेली ही गोधडी कोरडी असते तेव्हा पोरासारखी काखेत मारून नेता येते. पाण्यात गेली की तिची म्हैस होते. बायडाबाई अशा एकोणतीस म्हशी दरसाल एकट्यानं धूत आल्या होत्या. अंगानं काटकुळ्या, पण घाटावर त्यांनी वाकळ आपटली की शेजारची बाई दोन पायऱ्या सरकून बसायची.

आता तिघांना एकोणतीस कशाला, तर पाहुण्यांना. बायडाबाईंचे मालक गणपतराव उद्यमनगरात लेथवर काम करायचे. सरळ माणूस, आवाज खालचा, पण एक वाक्य मात्र मोठ्यानं म्हणायचे, "या की पावणं, अंथरूण तयार हाय!" हे वाक्य त्यांना वडिलांकडून मिळालेलं, दुसरी इस्टेट नव्हती. कुरुंदवाडचा, जयसिंगपूरचा, शिरोळचा कुणीही कोल्हापुरात कोर्टाला, दवाखान्याला, कुस्तीला, अंबाबाईला आला की यांच्याकडं उतरायचा. आणि प्रत्येकाची वाकळ ठरलेली. निळ्या किनारीची केरबामामांची, हिरव्या ठिगळाची जयसिंगपूरच्या थोरल्या मेव्हण्यांची, तसल्याच ठिगळाची धाकट्यांची. पाहुणे गेले की त्या वाकळा मधल्या खोलीत घडवंचीवर चळत लावून ठेवलेल्या. चळत जमिनीपासून जवळजवळ तुळईपर्यंत. त्या खोलीत उरलेल्या जागेत मांजर वळलं तरी पुष्कळ.

त्यांची एकुलती लेक मालन त्या चळतीवर चढून अभ्यास करायची. डोकं तुळईला टेकलेलं, मांडीवर भूमिती. खाली इतकं मऊ की दुसऱ्या प्रमेयाला पोरगी झोपलेली. आणि पाहुणे आले की तेवढंही नाही, मग उंबऱ्यावर. नववीच्या वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात मधल्या खोलीत तिघे पाहुणे घोरत होते. भूमितीत मालन काठावर सुटली, आणि शाळेतल्या बाईंनी बायडाबाईंना बोलावून सांगितलं, "पोरगी हुशार आहे हो. हिला घरात एक बसायला जागा द्या."

हे कळल्यावर केरबामामा काय म्हणाले? केरबामामा म्हणजे गणपतरावांचे सख्खे मामा, कुरुंदवाडचे. गळ्यात उपरणं आणि कोर्टात जमिनीची केस. तारीख पडली नाही असा महिना नाही. ते मधल्या खोलीत निळ्या किनारीवर ऐसपैस पडून म्हणाले, "दहावीत गचकायचीच हाय, माघात लग्नाचा बार उडवून टाकू. आमच्या भावकीत एक पोरगं बघून ठेवलंय मी."

बायडाबाई तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी चहा खाली ठेवला, निळ्या किनारीकडं एकवार पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. बायडाबाई गप्प बसल्या ही बातमी सबंध गल्लीत फिरली. पण लोकांना वाटलं, घसा बसला असेल.

तर त्या दसरा काढायच्या दिवशी एकोणतीस वाकळा धुऊन, वाळवून हातगाडीनं परत आल्या, आणि घरात जायच्या ऐवजी कट्ट्यावर थांबल्या. हातगाडी लालासाबची. हा एस.टी. स्टँडवरचा हमाल. प्रत्येक गाडीचा कंडक्टर त्याच्या ओळखीचा, आणि ओळख नसेल त्याच्याशी भांडण तरी असायचंच.

"वयनी, उतरवू आत?" लालासाबनं विचारलं.

"आत न्हाय. स्टँडावर न्यायच्या हायत. पाच ठेव हितं. तीन आमच्या, एक आजाऱ्याला, एक बाळंतिणीला. बाकी ज्याची त्याला."

तेवढ्यात गणपतराव कामावरून आले. प्रत्येक वाकळेच्या कोपऱ्याला पांढरी चिंधी शिवलेली आणि त्यावर मालनच्या अक्षरात नाव-गाव, हे पाहून ते सायकलवरून उतरायचे विसरले आणि सायकलसकट भिंतीला टेकले.

"अगं, काय चालवलंयस? पावण्यांची अंथरुणं घराबाहेर? घराण्याचं नाक जाईल की!"

"नाक कुटं जात न्हाय. वाकळा जातात. येस्टीनं."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. म्हणायला अंथरूण लागत न्हाय."

"आणि पावणं आलं तर झोपायचं कशावर?"

"येताना आणतील की. मी काय पावण्यांना नको म्हणतो व्हय?" आमच्याकडच्या बायका बोलताना अशाच पुरुषी थाटात 'जातो-येतो' करतात, आणि बायडाबाईंच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं. "यावं, दोन वक्त जेवावं, बाहेरच्या सोप्यात झोपावं. मी भाकरी थापतो, कालवण करतो. पण वाकळ धुणार न्हाय, आणि मधली खोली देणार न्हाय. ती मालनची. दहावी हुस्तवर तिथं देवसुदिक पसरणार न्हाईत."

"मामा काय म्हणतील?"

"त्यांचीच पयली बांधलीया."

गणपतरावांनी मदतीसाठी माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्यापलीकडं आमच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत होतो; ते मी घाईनं तोंडापुढं धरलं. पण उशीर झाला होता. बायडाबाई पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या.

"गुरुजी, लिव्हा. 'तुमची वाकळ धुऊन पाठवली हाय. येताना घेऊन या.'"

मी शाळामास्तर. मायना, कुशल, विनंती याशिवाय माझा हात कागदाला लागत नाही. मी लिहिलं: 'ती. स्व. केरबामामा यांस शि. सा. न. वि. वि. आपली प्रकृती उत्तम असेलच. घरातील जागेच्या अडचणीमुळे नाइलाजाने कळविण्यास अत्यंत खेद होतो की...'

"वाचा बघू."

मी वाचलं.

"मी चार शबुद सांगिटलं, तुम्ही ही वरात कशापायी काढलीया? आणि खेद कुणाला होतोय?"

"तसं लिहायची पद्धत असते, बायडाबाई."

"तुम्हाला होत असला तर तुमच्या पत्रात लिव्हा. माझ्यात नको."

मी खेद खोडला. पण मायना ठेवला. शाळामास्तरालाही थोडं नाक असतं. अशी चोवीस कार्डं लिहिली. बाराव्या कार्डाला माझं बोट दुखायला लागलं तेव्हा बायडाबाई म्हणाल्या, "आता वाकळ धुतल्यावर काय व्हत आसंल बगा!"

दुसऱ्या दिवसापासून एस.टी.च्या टपावरून चोवीस वाकळा गावोगाव निघाल्या. जयसिंगपुरात थोरल्या मेव्हण्याची धाकट्याकडं गेली आणि धाकट्याची थोरल्याकडं, आणि दोघांत 'माझी जास्त जाड होती' यावरून आठवडाभर अबोला. शिरोळच्या आत्यांनी निरोप पाठवला, 'आता कोन मेल्यालं बी आमाला कळवू नगासा.' गणपतरावांनी दोन दिवस गल्लीत मान खाली घालून ये-जा केली. मालननं गुळाच्या ढेपांचं खोकं पालथं घालून मधल्या खोलीत टेबल केलं. त्या खोलीला खिडकी आहे, हे गणपतरावांना त्या दिवशी प्रथम कळलं.

दिवाळीनंतर केरबामामांची तारीख पडली. कोर्ट आटोपून ते दुपारी गल्लीत शिरले तेव्हा काखेत निळ्या किनारीची वळकटी होती, आणि चेहरा असा की जणू प्रेत वाहून आणलंय. बसमध्ये सगळ्यांनी विचारलं असणार: पावणं, दवाखान्यात कोण हाय? कोर्टातही पट्टेवाल्यानं विचारलं असणार: मुक्कामाला आलाय व्हय?

"ये गणपा, तुझी बायकू माजली!" हा त्यांचा रामराम.

"या मामा, हातपाय धुवा," आतून बायडाबाई. "मटण शिजलंय."

हा डाव मामांना अपेक्षित नव्हता. तांबडा-पांढरा रस्सा, वर चार भाकरी. भांडायला तोंड मोकळं ठेवणं अवघड. जेवण झाल्यावर वळकटी पुन्हा काखेत गेली आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं पाय मधल्या खोलीकडं वळले. दाराला आतून कडी. आतून मालनचा आवाज, 'त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज...'

"दार उघड गं पोरी."

"मामा, सोप्यात," बायडाबाई म्हणाल्या. हात कमरेवर.

"मी? सोप्यात? ह्या घरात मी गणपाच्या बाच्या लग्नात झोपलोय त्या खोलीत!"

"लई झोपलासा. आता पोरगी जागंल तिथं."

मामांनी भाच्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, मीही, आमच्या पायरीवरून. गणपतराव काही वेळ उंबऱ्याचा खिळा तपासत राहिले. मग त्यांनी मामांच्या काखेतली वळकटी हळूच काढून घेतली, सोप्यात पसरली, वरचं पांघरूण झटकलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "या की मामा, अंथरूण तयार हाय!"

मामा आडवे झाले, म्हणजे कोसळले. पाच मिनिटांनी ओरडले, "ते त्रिकोणाचं जरा मनातल्या मनात म्हण म्हणावं!"

"कानावर वाकळ घ्या, मामा," बायडाबाई म्हणाल्या. "सोताचीच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा निघाले, ते हात हलवत. वळकटी सोप्यातल्या खुंटीवर. विसरली नव्हती, ठेवली होती. उद्या आणखी तेवीसजण अशीच ठेवतील, हे त्यांना आणि बायडाबाईंना, दोघांनाही माहीत. मामा तालमीच्या कोपऱ्यावर पोचले तोच मागून आरोळी आली,

"मामाऽऽ! वाकळ इसरलासा!"

बायडाबाई पळत गेल्या, चारचौघांदेखत वळकटी मामांच्या खांद्यावर ठेवली, वर पदरानं झटकली आणि वाकून पाया पडल्या. पाया पडणाऱ्या सुनेला शिव्या देता येत नाहीत. तालमीतली पोरं दार धरून उभी होती. मामा एवढंच म्हणाले, "ऊठ," आणि स्टँडाची वाट धरली. माघात बार उडाला नाही.

जूनमध्ये निकाल लागला त्या दुपारी बायडाबाई एकच पोस्टकार्ड घेऊन पायरीवर आल्या.

"गुरुजी, कुरुंदवाडला लिव्हा. 'मालन पास झाली. भूमितीत पासष्ट. पेढं खायला या. वाकळ आणा.'"

मी तेवढंच लिहिलं. मायनासुद्धा घातला नाही.