पंचमीचा तराफा
लातूर जिल्हा नवा झाला तशी रस्त्यांची कामं निघाली, आणि आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सडकेचं काम घेतलेल्या गुत्तेदाराकडून डिझेलची सहा रिकामी पिंपं आणली. त्यांवर बाभळीच्या फळ्या काथ्यानं आवळल्या, झाला तराफा. धरणाच्या पाण्यामुळं आमचं निम्मं शेत पलीकडच्या काठाला पडलं होतं, तिकडं जायला हाच. मला मात्र त्या काठावर शेत नव्हतं, अव्वा होती. माझी आई. माहेर दिसण्याइतकं जवळ. सडकेनं जायचं तर दोन एसट्या बदलून अख्खा दिवस, आणि सुनेला एवढं कोण सोडतंय?

सासूबाईंची एकच अट होती. "तराफा पानी पीत नसंल तर पंचमीला जा. न्हाईतर गप घरी ऱ्हा."

म्हणून पिंपांचं काम मी शिकले. घरात दुसऱ्या कुणाचं अडलं होतं? पिंपावर बोटाची पेरं मारायची. टणटण वाजलं की कोरडं, बद्द वाजलं की आत पाणी. बुचाखाली सायकलच्या ट्यूबची चकती बसवायची. शिवण झिरपत असली की पिंप पाण्यात दाबून धरायचं, बुडबुडे येतील तिथं खूण करायची, आणि वाळल्यावर गरम डांबरात भिजवलेली चिंधी ठासायची. "भाकरीला डांबराचा वास यायलाय," असं सासूबाई म्हणायच्या. येऊ दे, मी मनात म्हणायची.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी पंचमीला महिना-दीड महिना असताना तराफ्याचा एक कोपरा बुडायला लागला. मी ते पिंप सोडवलं, पाणी ओतलं, बूच बदललं, शिवण भरली. काठाशी दोन दिवस तरंगत ठेवलं, थेंब आत नाही. चार माणसं बसून पलीकडं जाऊन आली की पुन्हा बद्द. मला रडूच आलं. लई राग आला त्या पिंपाचा, लाथही घातली.

मग डोक्यात आलं. माणसं बसल्यावर पितंय, म्हणजे भोक वरच्या अंगाला असणार, वजनानं दबल्यावर पाण्याखाली जाणारं. मालकांना कोपऱ्यावर बसवलं आणि फळीखाली हात घातला. बोटाला खिळा लागला. फळीच्या वर पाहिलं तर घोड्याची नाल. मामंजींनी उंबऱ्याला ठोकतात तशी ती तराफ्याला ठोकली होती, नजर लागू नये म्हणून, आणि लांब खिळा फळीतून थेट पिंपात गेला होता.

मी तणतणतच घरी गेले. मामंजी कपाळाला भस्म लावत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "तुझ्यासाठीच ठोकली व्हती माय. सुखरूप जावंस म्हनून." नाल त्यांनीच उपसून दिली. मी भोक बुजवलं, वर डांबर चढवलं. सासूबाईंनी स्वतः पिंप वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "जा."

पण पाऊस आलाच नाही. पंचमीपर्यंत धरणाचं पाणी आटून मधे चिंचोळा पट्टा उरला. तरी मी हट्टानं निघाले, नवं लुगडं, हातभर बांगड्या, मालक बांबू रेटायला. पट्टा पार केला आणि तराफा गाळात रुतला. मालक उतरले तर कंबरेपर्यंत आत गेले. कसेबसे पिंपाला धरून वर आले. पुढं चालता येईना, तराफा हलेना. सहाही पिंपं ठणठणीत कोरडी होती.

पलीकडं अव्वा येऊन उभी होती. उन्हासाठी डोळ्यांवर हात धरलेला, पदर वाऱ्यानं उडत होता. आम्ही तिथं किती वेळ होतो कोण जाणे. शेवटी मालक म्हणाले, "चल आता. दिवाळीनंतर एसटीनं नेतो तुला, खरंच नेतो." नेलंही असतं त्यांनी, माणूस शब्दाचा होता. अव्वा दिवाळीच्या आधीच गेली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते तेवढंच, बोटाएवढं. दोन्ही हात तोंडाशी धरून मी तिला हाक मारली होती. तिला ऐकू गेली का, ते मला आजही माहीत नाही.