बियाण्याच्या खोलीतला रेडॉन

शेवंताला शेवटचं भेटलो तेव्हाही आम्ही भांडलोच. पनवेलच्या दवाखान्यात नळ्या लावून पडलेली बाई, आणि विचारते काय, "बियाण्याच्या खोलीची खिडकी उघडी टाकलीत ना? आता उंदरांना जेवायलाच बोलवा." मी चिडून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला… आई गेली.

खालापूरकडे आमचं घर. मागे भाताच्या बियाण्याची खोली, ओल लागू नये म्हणून कायम बंद. गुडघे धरायला लागल्यापासून शेवंता तिथेच खाली झोपायची. ऊब असते म्हणे. जन्मात विडीला हात लावला नाही, आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घर कसं आहे ते विचारलं आणि रेडॉनचं नाव काढलं. हा वायू जमिनीतल्या दगडातून वर येतो. रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड, म्हणून बंद खोलीत साचून राहतो. जळत नाही, कशाशी संयोग पावत नाही. आपला आपण विरतो, पण विरताना जे किरण सोडतो ते फुप्फुसाला बाधतात. पूर्वी हाच काचेच्या बारीक नळीत भरून कॅन्सरच्या गाठी जाळायचे, असंही ते म्हणाले.

"मग मलाबी द्या की," शेवंता म्हणाली. "आमच्या घरचाच हाय."

डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

मुलीने वायू मोजायची डबी आणून खोलीत टांगली आणि आईला ओटीवर झोपायला सांगितलं. ऐकेल तर ना. बियाण्याला कीड लागली की करतात तशी हिने कडुनिंबाच्या पाल्याची धुरी केली, दार लावलं आणि आत बसून राहिली. मी दार ढकललं तर धुरात खोकतेय.

"अगं, तो धुराला भीत नाय."

"कीड जाते, डास जातात, हा कोण मोठा लागून गेला?"

"फुप्फुसं गेलीत तुझी, आणि वर धूर घेतेस?"

"वरडू नका. दार लावा आधी, धुरी वाया जाते."

असल्या बाईपुढे माणसाने करायचं काय…

परवा डबीचा निकाल आला. वायू सगळीकडे असतो तेवढाच, बाधावा इतका नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, खोलीचा दोष नाय."

"मग कशाचा?"

"डॉक्टर बोलले, कधी कधी कारण सापडतच नाय."

निकाल आला की खोली पाडायची, असं ठरवून मी कुदळीला नवा दांडा बसवून ठेवला होता. आता पाडू काय?