हिरव्या जाळाची चूल

कमलाबाईंच्या चुलीतला जाळ हिरवा होता.

मी दारातच थबकलो. आमच्या लाकडाच्या कारखान्यात त्या रंधा मशीनवर होत्या. चार दिवस आल्या नव्हत्या, म्हणून घाटंजीजवळच्या त्यांच्या तांड्यावर चौकशीला गेलो होतो. त्यांच्या सासूबाई खाटेवर पोट धरून पडल्या होत्या, उलट्या थांबत नव्हत्या. कमलाबाईंचे स्वतःचे डोळे लालभडक.

"बसा साहेब, चहा मांडतो," म्हणत त्यांनी पेलाभर पाणी दिलं.

"हे लाकूड कुठलं?"

"तुमच्याच कारखान्यातलं तं होय! मस्त जळते."

चुलीत काय जळतंय ते मला कळलं.

आम्ही दारांच्या चौकटी आणि कुंपणाचे खांब बनवायचो. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला ट्रीटमेंट द्यायचो, म्हणजे तांबं आणि आर्सेनिकच्या द्रावणात दाब देऊन ते मुरवायचो. आर्सेनिक म्हणजे सोमल. लाकडात आहे तोवर गप्प बसतं, जाळलं की मोकळं होतं. मी तिथला प्रॉडक्शन मॅनेजर, लीनचं ट्रेनिंग घेऊन नुकताच आलेलो. लीन म्हणजे वाया काय जातं ते शोधायचं आणि थांबवायचं. गोदामामागे कापून उरलेल्या तुकड्यांचा डोंगर पडून होता. त्या वर्षी कापूस पार गेलेला, त्यामुळे घरोघरी चुलीला पऱ्हाटीसुद्धा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यासुद्धा, नव्हत्या. मी तुकडे कामगारांना फुकट वाटले आणि भिंतीवर चार्ट लावला: वेस्ट शून्य. मालक सलीमभाईंनी पाहुण्यांना तो कौतुकानं दाखवला. चार्टवर 'तुकडे' असा एकच रकाना होता. साधे कुठले, ट्रीटमेंटचे कुठले, हे वेगळं करायचं मला सुचलंच नाही. एवढा शिकलेला गाढव!

मी चुलीवर पाणी ओतलं. कमलाबाई बघतच राहिल्या.

"राख कुठे टाकता?" मी विचारलं. निम्म्याहून जास्त सोमल राखेतच उरतो.

"टाकतो कायले? यानंच भांडे घासून राह्यलो."

फळीवर भांडी लखलखत होती. माझ्या हातातला पेला त्यातलाच होता.

दोघींना जीपमध्ये घालून यवतमाळला नेलं. डॉक्टरांना काय झालं ते न लपवता सांगितलं. मग सलीमभाईंकडे गेलो. त्यांनाही सगळं सांगितलं.

"किती घरी गेलं?"

"सगळ्यांच्या."

त्यांनी लगेच ट्रॅक्टर काढला. दोन दिवस आम्ही दारोदार फिरून लाकूड आणि राख पोत्यात भरत होतो. मला मान वर करवत नव्हती.

नंतर काम उलटं केलं. आधी ट्रीटमेंट आणि मग ऑर्डरप्रमाणे कापणी, अशी आमची पद्धत होती. आता आधी कापायचं, मग ट्रीटमेंट. "पुरी लाईन बदलावी लागन," सलीमभाई कुरकुरले, पण बदलली. विषारी तुकडा तयारच होईना. द्रावणही कमी लागू लागलं. हे पहिल्या दिवशी करता आलं असतं.

सासूबाई महिन्याभरात उठून बसल्या. कमलाबाई कामावर आल्या, तेव्हा मी तो चार्ट उतरवत होतो. त्यांनी खालून स्टूल धरलं.

"साहेब, आता काही फुकट देसान," त्या म्हणाल्या, "तं पयले तुमच्या घरी जाळून पाहा."

लीनचा याहून सोपा नियम मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळाला नाही.