डोळे मिटून ऐकायचं

मी योगाच्या वर्गाला गेलो तो मानेसाठी. मी शाळेत शिक्षक आहे, आठवी ते दहावीला इतिहास-भूगोल शिकवतो. दोन वर्षांपूर्वी माझी मान अशी आखडली की फळ्यावर लिहून मुलांकडे वळायचं तर सगळं अंग वळवावं लागे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, ‘योग करा, नाहीतर गळ्यात पट्टा येईल.’ आमच्या इमारतीपासून जवळच, शेलार गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका देवळाच्या सभागृहात सकाळी सहाला वर्ग भरायचा. तिथे नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सर्वांसमोर उभं केलं.

‘सर, तुम्ही सरळ उभे आहात असं तुम्हाला वाटतंय ना?’

‘हो.’

‘मान डावीकडे वळलीय आणि पुढे आलीय. कोणाचं तरी गुपित ऐकायला वाकल्यासारखी.’

सगळे हसले, मीही हसलो. पण बाईंनी बरोबर पकडलं होतं. मला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्याने अर्धवट येतं. समोरच्याचे ओठ दिसले की माझं काही अडत नाही. उजवा कान पुढे काढून, ओठांवर नजर ठेवून मी इतकी वर्षं माणसांशी बोलत आलो होतो. वर्गात मी खुर्चीवर बसत नाही, उत्तर देणाऱ्या मुलाच्या बाकापाशी जाऊन उभा राहतो. मुलांना वाटतं, सर फार कडक आहेत. हे मी कोणालाही, बायकोलासुद्धा, सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते बाबांपर्यंत गेलं असतं.

बाबा निजामपुऱ्यातल्या यंत्रमागाच्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. गाव सोडून आल्यावर मालकाने त्यांना कारखान्यातच वरचा लाकडी माळा राहायला दिला. मी चौथीत होतो तेव्हापासून बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत आम्ही तिघं तिथे राहिलो. खाली दोन्ही शिफ्टला लूम चालत. फळ्यांच्या फटींतून तेलाचा वास आणि कापसाची भुकटी वर येई, तांब्यातलं पाणी सतत थरथरत असे. तोंडाने आवाज काढून बोलायचा तिथे काही उपयोग नव्हता. भात आणखी हवा का, हे आई भुवया उडवून विचारायची. बाबा नुसते ओठ हलवायचे आणि मला सगळं कळायचं. सगळ्याच घरांत असंच बोलतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. शुक्रवारी सुट्टी म्हणून लूम बंद असत तेव्हा त्या शांततेत माझ्या कानात शिट्टी वाजायची. तीही सगळ्यांच्या कानात वाजते, असं मी धरून चाललो होतो.

बाबांचे कान मी शाळेत असतानाच गेले. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. सुताराच्या हाताला घट्टे पडतात तसे जॉबरचे कान जातात, एवढंच. त्यांना अभिमान होता तो माझा. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. निकाल लागला त्या दिवशी ते पेढ्यांचा पुडा घेऊन एकेका लूमपाशी गेले होते, आणि कारीगरांनी हात न थांबवता तोंड पुढे केलं होतं. त्यानंतरही घरी कोणी आलं की बाबा माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, ‘याला मी लूमला हात न्हाय लावू दिला. एक दिवस न्हाय. आख्खा भायेर काढला याला.’

ते खरंच होतं. माळा नसता तर मी कॉलेजचं तोंड पाहिलं नसतं. पण ज्या माळ्याने मला शिकवलं त्यानेच माझे कान घेतले, हे त्या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगणार?

तर योगाच्या वर्गात माझी अडचण व्हायची ती ‘आता डोळे मिटा’ म्हटल्यावर. डोळे मिटले की बाईंचं बोलणं दूर कुठेतरी बादलीत पाणी पडावं तसं येई. मग मी पापण्या किलकिल्या करून इतरांकडे बघायचो. माझ्या शेजारच्या चटईवर एक आगरी गृहस्थ असायचे. त्यांच्या जमिनीवर आता गोडाऊन उभी आहेत. त्यांचं पोट मोठं आणि जीभ तिखट.

‘मास्तर, डोले मिटा की,’ ते म्हणायचे. ‘इथं पन पोरांची कॉपी पकरताव का?’

शेवटी एक दिवस मी ठरवलं की आज डोळे उघडायचे नाहीत. शवासनात पडलो. कानातली शिट्टी सुरू झाली. बाई उठा म्हणतील तेव्हा कळेल काहीतरी, असं म्हणून पडून राहिलो. बराच वेळ झाला असं वाटलं तेव्हा डोळे उघडले. सगळे चटया गुंडाळून माझ्याभोवती उभे होते. कोणी हलत नव्हतं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

‘काय अनुभवलंत?’ त्यांनी अगदी हळू विचारलं. मी ओठांवरून वाचलं.

खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. म्हणालो, ‘आत एक बारीक शिट्टीसारखा आवाज असतो. थांबतच नाही.’

बाई बाकीच्यांकडे वळल्या. ‘अनाहत नाद. माणसाची वर्षं जातात यासाठी.’

‘माजं त पोटच बोलतं आतून,’ शेजारी म्हणाले, पण त्यांनीही मला हात जोडले.

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. मी सांगितलं नाही, आणि मग अडकत गेलो. बाईंनी माझी चटई समोरच्या लाकडी मंचावर नेली. नवीन कोणी आलं की त्याला मी दाखवला जायचो. आता किलकिल्या डोळ्यांनी बघायचीही सोय राहिली नाही, कारण सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. वेळेवर उठलो तर लोक विचारत, ‘आज लागली नाही का?’ उशिरा उठलो तर समाधी. कधी उठायचं हे मी श्वास मोजून ठरवायला लागलो, आणि हिशेब चुकला की मोठेपणा आणखी वाढे. गोष्ट मुख्याध्यापकांपर्यंत गेली. परिपाठानंतरची दहा मिनिटं त्यांनी योगासाठी माझ्याकडे सोपवली. तिथे एक बरं होतं. डोळे मुलांनी मिटायचे, मी नाही.

तरीही त्या महिन्यांत मला काहीच मिळालं नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. बाई माझी मान दोन्ही हातांत धरून मधोमध आणायच्या आणि म्हणायच्या, ‘इथे राहू द्या.’ तिथे मान राहिली की मला रडू आल्यासारखं व्हायचं. दिवसभर ती बिचारी किती राबते, हे मला पहिल्यांदा कळलं. पडल्यावरची पहिली दोन-तीन मिनिटं मला कोणाचंही काही ऐकायचं नसे. शिट्टी वाजत असे आणि मी तिला वाजू देत असे. चौथ्या मिनिटाला भीती सुरू व्हायची.

वर्गातल्या त्या शेजाऱ्यांनी बाबांना रस्त्यात गाठून सांगितलं, ‘तुमचा पोरगा योगी हाय. येऊन त बघा.’ बाबांचे गुडघे दुखतच होते. दुसऱ्या दिवशी धोतर सोडून माझी जुनी पँट घालून ते निघाले. मी नको म्हणालो. त्यांनी ओठ वाचले नाहीत, म्हणजे माझ्याकडे पाहिलंच नाही.

योग्याचे वडील म्हणून बाईंनी त्यांची चटई मंचावर माझ्या शेजारी टाकली. गुडघ्यांना झेपेल तेवढं सगळं त्यांनी केलं. मग शवासन आलं. बाई म्हणाल्या, ‘आजोबा, डोळे मिटा.’

‘मिटले तर तुमी काय बोलता ते कळनार कसं?’ बाबा आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले. ‘मला ऐकू न्हाय येत.’

‘बरं. उघडे ठेवा मग.’

झालं, एवढंच. आठ महिने जे मला सांगता आलं नव्हतं ते बाबा चहात साखर नको म्हणावं तसं बोलून मोकळे झाले होते. मी डोळे मिटले आणि श्वास मोजायचं विसरलो.

मग माझ्या पाठीखालची फळी हादरली. दोन ठोके, थोडं थांबून एक ठोका. मी ताडकन उठून बसलो. कारखान्यात कोणाला हाक मारून उपयोग नसे, म्हणून बाबा खालून माळ्याच्या खांबावर पान्याने असेच ठोके द्यायचे: शाळेची वेळ झालीय, खाली ये. मी डोळे उघडले. सगळे कधीच उठून बसले होते. बाबांचा तळवा अजून फळीवर होता.

‘आजोबांनी मास्तरांची समाधी मोरली,’ शेजारी म्हणाले, आणि लोक हसले.

बाबा हसले नाहीत. आवाज न काढता, कारखान्यात बोलायचे तसे त्यांनी फक्त ओठ हलवले. ‘कवापासून?’

मीही तसंच उत्तर दिलं. ‘कॉलेजात होतो तेव्हापासून.’

खाली पायरीवर ते चपला घालायला बसले. एक चप्पल घातली आणि थांबले.

‘माळ्यामुळं का?’

वयाने, थंडीने, लहानपणीच्या तापाने, अशी कितीतरी उत्तरं माझ्याजवळ तयार होती. वर्षानुवर्षं जपून ठेवलेली. बाबा माझ्या ओठांकडे बघत होते.

‘हो,’ मी म्हणालो.

त्यांनी दुसरी चप्पल हातात घेतली आणि तिच्याकडे बघत बसले. ‘लोकांना आख्खा म्हनून सांगत व्हतो.’

‘बाबा, माळा नसता तर मी शिकलो नसतो.’

‘ते हाय,’ ते म्हणाले. मग विचारलं, ‘त्या बाईला सांगितलंस?’

‘नाही.’

‘मंग जा. मी बसतो इथं.’

मी परत वर गेलो. बाई दारं लावत होत्या, शेजारी पंखे बंद करत होते. मी दोघांना सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘म्हणजे ती शिट्टी…’

‘कानातली आहे. लहानपणापासूनची.’

शेजारी पंखे सोडून माझ्याकडे वळले. ‘म्हंजे आमी इतकं दिवस एका बहिऱ्याला हात जोरत होतो?’ बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं. मला मात्र हसू आलं. तो शब्द माझ्याबद्दल पहिल्यांदाच कोणी उच्चारला होता आणि छत काही कोसळलं नव्हतं.

बाई हसल्या नाहीत. ‘मी तुमच्या मानेकडे एवढी बघत होते,’ त्या म्हणाल्या. ‘ती अशी का झाली, ते विचारलंच नाही. उद्यापासून डोळे उघडे ठेवा. चटई माझ्यासमोर टाका.’

घरी जाताना रस्त्याला कंटेनरची रांग लागली होती. बाबा मागे वळून न बघता माझ्यापुढे चालत होते. मला वाटलं, आता ते कित्येक दिवस बोलणार नाहीत. पण मी दारात चपला काढतोय तोवर ते स्वयंपाकघरात पोचले होते आणि माझ्या बायकोला मोठ्याने सांगत होते, ‘याला बी कमी ऐकू येतं. समोर येऊन बोलत जा याच्याशी.’

ती पीठ मळत होती. तिने बाबांकडे तोंड वळवलं, त्यांना दिसेल असे सावकाश ओठ हलवत म्हणाली, ‘बाबा, लग्न झाल्यापासून मी समोर येऊनच बोलते.’